एक्केचाळिसावं पान

दिनूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी झाशीत इलाइट चौराह्यावरच्या चष्म्याच्या दुकानात बसले होते. दुकानदाराने माझ्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली होती आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगत होता. फोन अमेयचा, दादाच्या मुलाचा. एरवी तो माझ्याशी मोडकंतोडकं का होईना पण मराठीच बोलतो, आत्याला बरं वाटतं म्हणून. त्या दिवशी म्हणाला, "बुआ... बाबा नहीं रहे." पुढचं मराठीत सांगायचा त्याने प्रयत्नही केला नाही. सकाळचा चहा झाला होता, पेपर चाळून झाला होता, आणि खुर्चीत बसल्याबसल्याच मान कलली. मी दुकानदाराला "भैया, नंबर बाद में" म्हटलं आणि ती चौकट तशीच डोळ्यांवर ठेवून रस्त्यावर आले. तो बिचारा मागून धावत आला, माझ्या हातात माझा जुना चष्मा दिला आणि आपली चौकट उतरवून घेऊन गेला.

घरी पोचले तर अंगणात वकील मंडळी जमली होती, खालच्या आवाजात पुढच्या तारखांबद्दल बोलत होती. ज्या कचेऱ्यांशी दादा वीस वर्षं भांडला तिथलं कुणी आलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. फाटकाबाहेर मात्र सात-आठ बायका उभ्या होत्या. ओरछा गेटच्या बाहेर नाल्याकाठी बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांची एक वस्ती होती, तिथल्या. "होती" म्हणते, कारण आता ती नाही. त्यांतल्या गेंदाबाईने मला पाहून हात जोडले. मी मान फिरवली आणि आत निघून गेले. दादाच्या अंत्ययात्रेतलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच, माझं मान फिरवणं.

महाराष्ट्रातल्या या पुरवणीकडून लेखाची विचारणा झाली तेव्हा मला सांगितलं गेलं की झाशीत एक मराठी वकील सरकारी कागद लोकांपुढे आणण्यासाठी झगडत होता, याचं वाचकांना कौतुक वाटेल. कौतुकाचं पुष्कळ आहे, ते सांगतेच. पण नुसतं तेवढं लिहून पाठवलं तर तो अर्धवट कागद होईल, आणि अर्धवट कागदाची दादाला फार चीड होती.

दिनकर पुराणिक हा माझा सख्खा मामेभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचे पूर्वज पूजाअर्चा आणि दप्तर सांभाळायला म्हणून दक्षिणेतून इकडे आले आणि इकडचेच झाले. पुण्याची पाहुणी मंडळी आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात, कारण आम्ही अजून गंगाळ आणि तसराळं म्हणतो आणि लगेच पुढच्या श्वासात "जरा पंखा चला दे" म्हणतो. दादा या हसण्यावर जाम उखडायचा. "तुमच्याकडे शब्द गेले, आमच्याकडे माणसं गेली. फिटंफाट," असं त्याने एकदा एका जावईबापूंना तोंडावर ऐकवलं होतं. मामीने नंतर त्याला चांगलंच फैलावर घेतलं. उंच, किरकोळ, कायम थोडा वाकलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण परीक्षेला बसलोय. गोड बोलणं त्याला जमलं नाही. वकिलीत त्यामुळे त्याचं किती नुकसान झालं ते शालिनीवहिनीला विचारा.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हा तो पन्नाशीत होता. दिवाणी कज्जे चालवत होता, आंब्याच्या झाडावरून भांडणारे भाऊ वगैरे. त्या कायद्याची पातळशी पुस्तिका त्याने एका बैठकीत वाचून काढली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन म्हणाला, "कुमुद, आता आपल्याला विनंती करायची गरज नाही. मागता येतं!" त्याचा तो चेहरा मी आधी फक्त एकदा पाहिला होता, अमेय झाला तेव्हा. त्यानंतर त्याने जवळजवळ दुसरं काम केलंच नाही. कोर्टाच्या आवारातल्या त्याच्या पत्र्याच्या शेडखाली गावोगावची माणसं येऊन बसायची. कुणाचं नाव शिधापत्रिकेतून कमी झालेलं, कुणाच्या मुलाचा पोलीस ठाण्यातला कागद दिसत नाही, कुणाच्या गावात कागदावर बांधलेली विहीर आहे आणि जमिनीवर नाही.

अर्ज लिहायचं त्याचं एक शास्त्र होतं. अशिलाने रडगाणं सुरू केलं की तो हात वर करायचा. 'का' विचारायचं नाही, असं त्याचं म्हणणं. का केलं, का नाही केलं, याचं उत्तर कुठल्याच कपाटात ठेवलेलं नसतं, आणि जे कपाटात नाही ते हा कायदा देत नाही. कागद मागायचा. कुठला कागद, कुठल्या वर्षाचा, कुठल्या टेबलावरचा, तेवढंच. समथरचे एक निवृत्त मास्तर त्याच्याकडे आले होते. नोकरीत कधीतरी त्यांच्याविरुद्ध कुणीतरी शेरा लिहिला होता आणि तो शेरा काय होता हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. दोन वर्षं आणि दोन अपिलं करून दादाने त्या एका ओळीची प्रत मिळवली. मास्तरांनी शेडखाली बसून ती ओळ वाचली. "शिक्षक अहंकारी है." एवढंच होतं. मास्तर हसले, मग डोळे पुसले आणि म्हणाले, "बस वकील साहब, यही देखना था." दादाने ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही.

आता माझं सांगते. मी एका सरकारी कचेरीत नोकरी केली. तिचं नाव लिहीत नाही, झाशीतली माणसं ओळखतीलच. नोकरीची शेवटची पंधरा वर्षं मी तिथल्या अभिलेखागारात होते. जुनी रजिस्टरं, लाल कापडात बांधलेले बस्ते, आणि त्या खोलीची किल्ली. म्हणजे दादा जे कागद मागायचा ते माझ्या ताब्यात. त्याचे अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर यायचे, आणि साहेब सांगतील तसा नकाराचा मसुदा मीच लिहायचे. भाऊबीजेला त्याला ओवाळायचं आणि सोमवारी त्याचा अर्ज फेटाळायचा, असं आमचं चाललं होतं. तो माझ्या नकारांतली हिंदी तपासायचा. "'उपलब्ध नहीं है' ठीक आहे, पण खाली कुठल्या कलमाखाली नाकारता ते लिहीत जा गं, अपील करायला बरं पडतं," असं पुरणपोळी खाताखाता सांगायचा. वहिनी म्हणायची, तुम्ही दोघं बहीणभाऊ नाही, वादी-प्रतिवादी आहात. आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यासारखं होतं ते.

नाल्याकाठची वस्ती हटवायची नोटीस निघाली तेव्हा गेंदाबाई आणि चार म्हातारे त्याच्या शेडखाली येऊन बसले. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्यांच्या बापांना ही जागा सरकारने पट्ट्यावर दिली होती, म्हणजे राहण्याचा लेखी हक्क दिला होता. एकोणीस घरं. पट्ट्याचे कागद कुणाकडे राहिले नव्हते. काही नाल्याच्या पुरात गेले, काही उंदरांनी खाल्ले, एकाच्या कागदाची त्याच्या नातवाने पतंगाला शेपटी केली होती. आता फक्त कचेरीतलं मूळ रजिस्टर बोलू शकत होतं. दादाने अर्ज टाकला, की या वस्तीच्या पट्ट्यांची नोंद द्या. उत्तर गेलं, की मागणी अस्पष्ट आणि फार विस्तृत आहे. ते उत्तरही माझ्याच अक्षरातलं. त्याने पुन्हा टाकला, पुन्हा तेच गेलं. नोटिशीची मुदत सरत होती.

त्या रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, रजिस्टर आहे. शुक्रवारी मी हातात घेतलं. एक्केचाळिसावं पान. एकोणीस नोंदी आहेत, खाली सही आहे, शिक्का आहे."

तो उभाच राहिला. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, "उद्या मोबाइलवर फोटो काढून आणते. कुणाला कळणार नाही."

"नको," तो म्हणाला. "लपवून आणलेला कागद कोर्टात कुणी हातात धरत नाही. आणि तुझी नोकरी जाईल ते वेगळंच. आपण मागून घेऊ, त्यांच्या सहीची, त्यांच्या शिक्क्याची प्रत. मग त्यांना नाही म्हणायला जागाच उरणार नाही."

आज मला त्याच्या या वाक्याचा संताप येतो. फोटो काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण दादाचा सगळा जन्म त्या एका गोष्टीवर उभा होता, की समोरच्या दाराने जायचं आणि पावती घेऊन बाहेर यायचं. मागच्या दाराने आणलेल्या कागदावर त्याचा विश्वासच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. मी फार आग्रह केला नाही.

त्याचा तिसरा अर्ज आला. अमुक रजिस्टर, पृष्ठ संख्या एक्केचाळीस, प्रमाणित प्रत. एवढा नेमका अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. आता "अस्पष्ट" म्हणायची सोय नव्हती. बड़े बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि खोलीभर नजर फिरवून विचारलं, "पुराणिक जी को पेज नंबर किसने बताया?" मी कागदांना पिना मारत राहिले... आठ-दहा दिवसांनी मला ते रजिस्टर काढायला सांगण्यात आलं. मी बस्ता सोडला. चाळिसानंतर बेचाळीस. शिलाईपाशी कागदाची बोटभर रुंद पट्टी उरली होती, पात्याने कापल्यासारखी सरळ. किल्ली माझ्याकडे असायची, पण दुपारी जेवायला जाताना ती मी टेबलाच्या खणात ठेवायचे आणि हे सगळ्यांना माहीत होतं. मी उत्तर लिहिलं, "पृष्ठ संख्या 41 अभिलेख में उपलब्ध नहीं है." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

दादाचा फोन आला. म्हणाला, "कुमुद, कुठलं पान फाडायचं ते त्यांना माहीत नव्हतं गं. मी लिहून दिलं. माझ्या सहीनं."

त्यानंतर तो एकदाच माझ्याकडे आला, त्या कामासाठी. दुपारची वेळ होती. मी चहा टाकला. तो म्हणाला, की पान होतं आणि आता नाही, हे सांगणारा एक माणूस उभा राहिला तर अपिलातही जोर येईल आणि घरं पाडायला कोर्टातून पक्की मनाईही मिळेल. पाहणारी तू एकटी आहेस. एवढंच म्हणाला. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. किल्ली माझी, ताबा माझा. मी उभी राहून "पान होतं" म्हटलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता की मग गेलं कुठं, आणि दुसरा हा, की बाहेर फोडलं कुणी. हे सगळं मी त्याला सांगू शकले असते. भीती वाटते असं म्हणाले असते तर त्याने ऐकून घेतलं असतं. मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही, दादा."

वकील माणूस, साक्षीदार कधी खोटं बोलतो हे त्याला काय सांगायचं. मग "बरं" म्हणाला, आणि "चहा चांगला झालाय" म्हणाला, आणि कप स्वतः मोरीत नेऊन ठेवून निघून गेला. ओरडला असता तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित कबूलही झाले असते. त्याने मला ती संधी दिली नाही, याचाही मला कितीतरी दिवस राग होता. माणूस स्वतःची लाज झाकायला कुठवर जातो पाहा.

अपिलात निकाल लागला की जो कागद अस्तित्वात नाही तो देण्याचा आदेश करता येत नाही. कोर्टाची तात्पुरती मनाई मिळाली होती, ती काही आठवडेच टिकली. मग एका सकाळी नाल्याकाठी यंत्रं आली. मी कचेरीत होते. दादा तिथे गेला होता, आणि अमेयने नंतर मला जे सांगितलं ते असं, की बरोबर आलेला अधिकारी सभ्य होता, तरुण होता. दादाला म्हणाला, "वकील साहब, कोई एक कागज दिखा दीजिए, मैं मशीन वापस भेज देता हूँ." दादाने पिशवीतून फाइल काढली. तिच्यात त्याचे स्वतःचे अर्ज होते, पावत्या होत्या, माझ्या अक्षरातले नकार होते. तो एकेक पान उलटत राहिला, शेवटपर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून उलटू लागला. अमेयने त्याला धरून बाजूला आणलं. दुपारपर्यंत एकोणिसातलं एकही घर उभं उरलं नव्हतं. संध्याकाळी बायका ढिगाऱ्यातून टोपल्यांचा बांबू ओढून काढत होत्या.

त्यानंतर तीन वर्षं दादा जगला, पण त्याने एकही नवा अर्ज लिहिला नाही. माणसं शेडखाली यायची, तो त्यांचं ऐकून घ्यायचा आणि कुणातरी तरुण वकिलाचं नाव सांगायचा. मी निवृत्त झाले, निरोपसमारंभात मला शाल मिळाली. गेल्या भाऊबीजेला तो आला, नेहमीसारखा चिवड्यातले दाणे वेचून खात बसला आणि मध्येच म्हणाला, "वीस वर्षं मी लोकांना सांगितलं, कागद मिळाला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं कोण करणार होतं, हे मी कधी विचारलंच नाही बघ. आणि तो नंबर... मी तो नंबर लिहायला नको होता." मला तेव्हा बोलायचं होतं. नंबर तू लिहिलास पण दिला मी, आणि पुढे गप्पही मीच बसले, एवढंच म्हणायचं होतं. निरांजन हातात होतं. मी त्याला ओवाळलं आणि शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला. ती आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर वहिनीने मला बोलावलं, कागद आवरायला. "तुझं जन्मभराचं काम आहे ते," असं म्हणाली, आणि तिच्या मनात टोचून बोलणं नव्हतं हे मला माहीत आहे. त्याच्या खोलीत अजून त्याच्या नावाची टपालं येताहेत. चार-चार, पाच-पाच वर्षांपूर्वीच्या अर्जांना उत्तरं. मी बसले होते तेवढ्यात पोस्टमनने हाक मारली, "पुराणिक जी की रजिस्ट्री," आणि वहिनीने नवऱ्याच्या नावापुढे सही केली. आत लिहिलं होतं की आपले आवेदन विचाराधीन आहे. वहिनीने ते पत्र त्याच्या खुर्चीवर ठेवलं, तिथे आधीच अशी पत्रं साठली होती. ती खुर्चीवर कुणाला बसू देत नाही. मी अर्धा तास तिथे उभी राहिले, एकही फाइल उघडली नाही, आणि तिथून सरळ गेंदाबाईकडे गेले.

ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत तिने एक खोली भाड्याने घेतली आहे. खोली कसली, जिन्याखालची जागा. ती दारात बसून बांबू तासत होती. मला पाहून तिने गोणपाट पसरलं. मी बसले आणि रस्ताभर घोकलेलं एकदाचं बोलून टाकलं, "गेंदाबाई, वो पन्ना मैंने देखा था. अपनी आँखों से. मैंने किसी को बताया नहीं."

तिचा हात थांबला नाही. "हमें पता हतो, जिज्जी," ती म्हणाली. आम्हाला ठाऊक होतं.

मला वाटलं तिला कळलं नाही मी काय म्हणतेय ते. तिने कांबीट पालथं केलं आणि दुसरी बाजू तासायला घेतली. "वकील साब ने सबखों बिठाकें बताई ती. कै रए ते, एक गवाह है, हमाई बैन है. बुला लें तौ ऊकी नौकरी जैहै, पुलिस सोई हो सकत. तुम औरें कओ तौ बुला लें."

"फिर?" मी विचारलं.

"फिर का. सयानन ने कई, रैन दो. हमाए घर तौ ऊसई जाने. काऊ की बिटिया की नौकरी काए खाबें."

साक्षीदार माझी बहीण आहे, बोलावलं तर तिची नोकरी जाईल, पोलीसही मागे लागतील, तुम्ही म्हणाल तर बोलावतो, असं दादाने सगळ्यांना विचारलं होतं, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं होतं. आमची घरं नाहीतरी जायचीच आहेत, कुणाच्या लेकीची नोकरी कशाला खायची. म्हणजे माझ्याकडून "आठवत नाही" ऐकून दादा तिथे गेला होता, मला जबरदस्तीने उभं करायची परवानगी मागायला, आणि त्या माणसांनी, ज्यांचं छप्पर पणाला लागलं होतं त्यांनी, ती दिली नव्हती. मी सात महिने तो पगार घेतला, ती शाल पांघरून घेतली आणि आपण कुणाच्या दयेवर बसलोय याचा मला पत्ता नव्हता. मला तिथे रडूही येईना. गेंदाबाईने उठून मला पाणी दिलं.

मग ती समोर बसली आणि पहिल्यांदाच हातातला चाकू खाली ठेवला. "एक बात बता दो, जिज्जी. तुमने तौ देखो है. ऊमें हमाए दद्दा कौ नाम हतो? हल्के. हल्के, मनका के लरका. सब कत हैं हम औरें कब्जा करकें बैठे ते."

घर परत मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोक त्यांना घुसखोर म्हणतात, आणि आपला बाप हल्के घुसखोर नव्हता एवढंच तिला पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी ते पान डोळ्यांपुढे आणलं. कागदाचा पिवळेपणा आठवला. वर डाव्या कोपऱ्यात पृष्ठक्रमांक, निळ्या शाईतली सही, शिक्का किंचित तिरका लागलेला. एक ते एकोणीस आकडे एकाखाली एक... आणि आकड्यांसमोर काही नाही. अभिलेखागारातली माणसं अशीच पाहतात. नोंदी मोजायच्या, सही पाहायची, शिक्का पाहायचा, बस्ता बांधायचा. नावं आम्ही वाचत नाही. ज्या पानासाठी एकोणीस घरं गेली, माझा भाऊ गेला, ते पाहिलं असं म्हणू शकणारी जगात मी एकटी, आणि त्यावरचं एकही नाव मला आठवत नव्हतं. दादाला मी जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं झालं होतं.

"हतो," मी म्हटलं. "हल्के. सबसे ऊपर."

"पक्को?"

"पक्को."

तिने डोळ्यांना पदर लावला. मग उठून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि वरच्या बिऱ्हाडातल्या बाईला हाक मारून सांगू लागली, की या दफ्तरवाल्या दीदी आहेत, यांनी रजिस्टर पाहिलंय, त्यात माझ्या बापाचं नाव पहिलं आहे. ती बाई खाली डोकावून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

जे कागदावर नाही ते दिनूदादा कधी बोलला नाही, भांडणातसुद्धा नाही. गेंदाबाईला हिंदी अक्षरही वाचता येत नाही, मराठी तर नाहीच. अमेय दोन परिच्छेद वाचेल आणि बाकीचं "बुआ, आप ही बता दो" म्हणेल. झाशीत हा लेख वाचू शकतील अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि ती माझ्यासारखीच गप्प बसणारी आहेत. म्हणून इथे, मराठीत, माझ्या सहीने लिहून देते. पान होतं. एक्केचाळिसावं. एकोणीस नोंदी होत्या. हल्के हे नाव त्यात होतं की नाही, ते मला माहीत नाही.